सातवीच्या वर्गातली विहीर

सातवीत बसलेल्या मुलाला वाचता येत नाही, हे बाहेरच्या माणसाच्या लवकर लक्षात येत नाही. ते मूल इतकी वर्षं तेच लपवायला शिकलेलं असतं. फळ्यावरचा धडा ते सुरेख अक्षरात उतरवून घेतं. सगळा वर्ग एका सुरात वाचत असतो तेव्हा ओठ बरोबर हलवतं. एकट्यानं वाचायची पाळी जवळ आली, की त्याला नेमकी तहान लागते, नाहीतर खडू आणायला तेच पहिलं उठतं. पवना धरणाच्या काठच्या एका जिल्हा परिषद शाळेत मी मराठी शिकवत होते. नोकरीची शेवटची वर्षं तिथेच गेली. लोणावळ्याहून दुधिवरे खिंड ओलांडून रोज स्कूटीवर जायचं आणि संध्याकाळी परत यायचं. अशी मुलं मी इतकी पाहिली होती, की आज खडू आणायला कोण उठणार हे मला हजेरी घेतानाच कळायचं.

करुणा मात्र कधी उठली नाही. वाचायला सांगितलं, की ती उभी राहायची आणि पुस्तकाकडे बघत गप्प राहायची. समजावलं तरी गप्प, चिडले तरी गप्प. शेवटी मीच कंटाळून दुसऱ्याला वाचायला सांगायची, मग ती खाली बसायची. तिचे वडील सुभाष तलावाकाठी तंबूंचा कॅम्प आहे तिथे रखवालीला होते. पर्यटकांचं सामान उचलण्यापासून शेकोटी पेटवण्यापर्यंत पडेल ते काम करायचे. आई भातलावणीला, काढणीला जायची. घरी आजी होती, सोनाबाई.

त्या सुमाराला पुण्याच्या एका पुस्तक प्रदर्शनातून मी चित्रकादंबऱ्यांचा गठ्ठा उचलून आणला. शाळेत थोडी चेष्टा झाली. सातवीला आता चित्रांची पुस्तकं देणार का, असं आमचे मुख्याध्यापक म्हणाले. त्यांना मी जे समजावलं तेच इथे सांगते. चित्रकादंबरी म्हणजे बालवाडीतलं चित्रांचं पुस्तक नव्हे. ती चांगली लांबलचक गोष्ट असते, फक्त चौकटीचौकटींतून सांगितलेली. माणसं बोलतात ते फुग्यात लिहिलेलं असतं, लेखकाला स्वतःचं काही सांगायचं असेल तर ते वरच्या पट्टीत. आणि दोन चौकटींच्या मधे एक बारीक कोरी जागा असते. आमच्या मुलांनी तिला ‘बोळ’ असं नाव दिलं. एका चौकटीत मुलगा झाडाच्या फांदीवर आहे, पुढच्या चौकटीत त्याचा हात गळ्यात बांधलेला आहे. तो पडला कुठे? तर बोळात. ते कुणी काढलेलं नसतं, वाचणाऱ्यानं आपलं आपण जुळवायचं असतं. आणि वाचन म्हणजे दुसरं काय असतं? अक्षरं ओळखली तरी मधलं जुळवता आलं नाही, तर मूल धडा संपवून तसंच कोरं राहतं.

मी फुग्यांवर कागदाचे तुकडे चिकटवायची. मुलांनी चेहरे, हात, उभं राहण्याची पद्धत बघून सांगायचं, की ही माणसं काय बोलत असतील. मग कागद काढायचा आणि वाचायचं. अंदाज आधीच बांधलेला असतो, शब्द तीन-चारच असतात, त्यामुळे निम्मी भीती तिथेच जाते.

एके दिवशी अशाच एका चित्रात आई मुलाकडे बघून हसत होती. सगळा वर्ग म्हणाला, ती खुशीत आहे. करुणा जागेवरूनच हळू म्हणाली, “ती हसत न्हाई बाई. तिचा हात बगा. पदर आवळलाय.”

मी बघितलं. खरंच त्या आईची मूठ पदरावर आवळलेली होती. ते माझ्याही नजरेतून सुटलं होतं. मी तिलाच पुढे बोलावलं आणि कागद काढायला सांगितलं. खाली लिहिलं होतं, ‘घाबरू नकोस’. तिनं ते एकेक अक्षर लावत वाचलं. मोठ्यानं, सगळ्यांदेखत. मग जागेवर जाऊन बसली. मी काही विशेष झाल्याचं दाखवलं नाही, पण त्या तासाला पुढे काय शिकवलं ते मला आठवत नाही.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर मी वर्गाला स्वतःची चित्रकथा करायला दिली. दोघादोघांनी मिळून करायची. विषय, धरणाच्या पाण्याखाली गेलेलं जुनं गाव. तिथल्या जवळजवळ प्रत्येक घरात जुन्या गावात जन्मलेलं कुणीतरी होतं. त्यांना विचारा, ऐका आणि काढा, एवढंच मी सांगितलं. प्रजासत्ताक दिनाला सगळा गाव झेंडावंदनाला येतो, तेव्हा सगळ्यांच्या चित्रकथा व्हरांड्यात लावायच्या असं ठरलं.

करुणाच्या जोडीला वैष्णवी होती. वैष्णवी गावातल्या मोठ्या बागायतदार घरातली, ज्ञानोबा आबांची नात. तिचे वडील दत्ताभाऊ शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष होते, आणि सुभाष ज्या कॅम्पवर कामाला होते तो कॅम्पही त्यांचाच होता. दोघी एका बाकावर बसायच्या, डबा एकत्र खायच्या. दोघींनी विषय निवडला तो जुन्या गावातल्या विहिरीचा. वैष्णवीच्या आबांना त्या विहिरीच्या पुष्कळ गोष्टी येत होत्या. ते काठावरून सूर कसा मारायचे, तळाशी फेकलेला नारळ कसा वर काढायचे. वैष्णवी ते सगळं रंगीत खडूंनी काढत होती.

चित्रकथा लिहिताना मुलांना सगळ्यांत अवघड जातं ते फुग्यात लिहिणं. जागा थोडी असते. मनात दहा वाक्यं असतात, त्यातलं एक ठेवावं लागतं. करुणा मधल्या सुट्टीत माझ्याकडे आली आणि विचारलं, “बाई, ‘पाणी वाढ’ लिवू, का ‘पाणी वाढा’?”

“कोण कुणाला म्हणतंय?”

“माजी आजी. विहिरीवरच्या मोठ्या माणसांना. तवा आजी धाकली व्हती.”

“मग ‘वाढा’ लिही,” मी म्हटलं. म्हटलं आणि मग माझ्या लक्षात आलं, ती काय काढतेय ते.

मी तिचा कागद बघितला. विहिरीवर माणसं, आणि त्यांच्यापासून लांब, दगडावर घागर ठेवून बसलेली परकरातली मुलगी. पुढच्या चौकटीत तीच मुलगी, सावली मात्र लांब झालेली. तिसरीत कुणीतरी वरून घागरीत पाणी ओततंय. सोनाबाईंच्या लहानपणी त्यांच्या वस्तीतल्या बायका-मुलींना त्या विहिरीला हात लावता येत नसे. कुणी येऊन पाणी वाढेपर्यंत थांबावं लागे. वस्तीत घरोघरी बुद्धवंदना होऊ लागली होती, विहीर मात्र तशीच होती. करुणानं जातीचं नाव कुठेही लिहिलं नव्हतं, माणसांचीही नावं नव्हती. फक्त पाणी ओतणाऱ्या माणसाच्या तोंडापाशी तिनं एक फुगा काढला होता आणि तो कोरा होता.

मी विचारलं, हा काय म्हणतोय? ती म्हणाली, आजीला आठवत नाही. मग मी तिला तो तसाच कोरा ठेवायला सांगितलं. जे माहीत नाही ते आपल्या मनानं घालू नये, एवढाच माझा विचार होता.

दोघींची पानं त्यांनीच एकापुढे एक मांडली. आबांचा सूर, मग दगडावरची मुलगी, मग आबांचा नारळ, मग पुन्हा दगडावरची मुलगी. ती रचना मी सुचवलेली नव्हती. पानं लावून झाल्यावर वैष्णवीनं मला विचारलं, “बाई, आबा पोहत होते तेव्हा ही आजी तिथंच बसलेली होती का?”

घरी विचार, असं मी म्हणाले. तिनं घरी विचारलं.

दुसऱ्याच दिवशी दत्ताभाऊ शाळेत आले. आवाज चढवला नाही. मुख्याध्यापकांच्या खोलीत बसून चहा घेतला, पाऊस कमी झाला, इंद्रायणी भाताचं पीक बरं आलं, असं सगळं बोलून झालं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “बाई, तुमी बाहेरच्या. तुमाला माहीत नसंल. आमच्या गावात सगळे भावासारखे ऱ्हातो. ती विहीर पाण्याखाली गेली. तुमी ती वर काढू नका.”

मी म्हटलं, विहीर मुलींनी काढलीय, एकीनं तुमच्या घरात ऐकून आणि दुसरीनं तिच्या घरात ऐकून. त्यावर ते उठले, नमस्कार केला आणि गेले.

दुसऱ्या दिवशी वैष्णवी आली नाही. त्याच्या पुढच्या दिवशी तिच्या आळीतली आणखी काही मुलं आली नाहीत. कुणाला ताप होता, कुणाच्या घरी पाहुणे होते. सातवीचा वर्ग निम्मा रिकामा दिसू लागला. मुख्याध्यापक भला माणूस होता, पण पटावर मुलं नसली की शाळेवर काय येतं ते त्यांना पाठ होतं. त्यांनी मला मधला मार्ग सांगितला. वैष्णवीची पानं लावायची, करुणाची कपाटात ठेवायची. तिला सांगायचं, जागा कमी पडली. तुमची निवृत्ती जवळ आलीय, बाई, असंही ते म्हणाले. ते काळजीनं म्हणाले की इशारा म्हणून, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी गावकऱ्यांचा सामना करीन असं मनाशी म्हणत होते, पण रोज घरी जाताना खिंडीत बदलीचा विचार यायचा. तरी ही सगळी बाजू मला झेपली असती. झेपली नाही ती सुभाष यांची.

ते दुपारच्या सुट्टीत फाटकाशी येऊन उभे राहिले. आत या म्हटलं तरी आत येईनात. मीच बाहेर गेले. ते खाली बघत बोलले, “बाई, पोरीची चित्रं काढून घ्या. मला मालक कायबी बोललं न्हाईत. पण सकाळपासून मला कुणी कामच सांगितलं न्हाई. नुसता बसून हाये.”

मी विचारलं, करुणाला काय सांगू?

“सांगा की पाण्यात भिजली. सांगा कायबी. तिला कळतंय कुटं अजून.”

तिला कळत होतं. व्हरांड्यातल्या खांबाआडून ती आम्हांला बघत होती. त्या दिवसापासून वर्गात तिचं तोंड मिटलं. पुस्तक पुढे ठेवलं, फुग्यावरचा कागद काढून दिला, तरी ती पूर्वीसारखी उभी राहायची आणि गप्प राहायची. जे अक्षर दोन महिन्यांत तिच्या तोंडातून बाहेर पडू लागलं होतं ते माझ्या डोळ्यांदेखत परत आत गेलं. मला खरी भीती वाटली ती तेव्हा. बदली झाली असती तर मी दुसऱ्या शाळेत गेले असते. हे मूल एकदा मिटलं असतं, तर ते पुन्हा उघडेल याची मला काहीच खात्री नव्हती.

चित्रं लावायची तर तिच्या वडलांची रोजी जाते, न लावायची तर तिची वाचा जाते. हा निर्णय माझा नव्हता, असं मला वाटलं. मी त्यांच्या वस्तीवर गेले. सोनाबाई अंगणात सूप घेऊन तांदूळ निवडत होत्या. मी सगळं सांगितलं, सुभाष यांनी काय मागितलं तेही सांगितलं. मग विचारलं, मावशी, मी काय करू?

त्या बराच वेळ खडे वेचत राहिल्या. मग म्हणाल्या, “सुभाष भितोय त्ये खोटं न्हाई. त्याच्यावर घर हाये.” सुपातला आणखी एक खडा त्यांनी वेचून टाकला. “पन पोरगी मला रोज विचारती, आजी, तू तवा काय केलंस. मी म्हनती, बसून ऱ्हायले. आता किती बसू?” सूप बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, “तुमी लावा. मी येते तितं.”

प्रजासत्ताक दिनाच्या सकाळी मी लवकर पोचले आणि व्हरांड्यात दोरी बांधून सगळी पानं टाचण्यांनी लावली. एकही पान गाळलं नाही. घाईत एकदोन टाचण्या बोटात गेल्या. धुकं होतं, समोरचा तिकोना किल्ला दिसत नव्हता. लोक येऊ लागले. सुभाष आले, त्यांनी लांबूनच दोरीकडे बघितलं आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहिले. चित्रांकडे ते फिरकलेच नाहीत. सोनाबाई पांढरं लुगडं नेसून आल्या आणि व्हरांड्याच्या पायरीवर बसल्या, आपल्या नातीच्या पानांखालीच.

दत्ताभाऊ आले ते तडक माझ्याकडे. “बाई, मी सांगितलं होतं,” एवढंच म्हणून त्यांनी दोरीला हात घातला. आजूबाजूची माणसं बोलायची थांबली. मुख्याध्यापक झेंड्याच्या दोरीशी उगाच काहीतरी करत राहिले. मी दत्ताभाऊंच्या आणि पानांच्या मधे जाऊन उभी राहिले.

तेवढ्यात मागून ज्ञानोबा आबा आले. हातात काठी, डोक्याला टोपी, बरोबर वैष्णवी. मुलाला ते म्हणाले, “थांब. मला बगू दे.”

ते दोरीपाशी आले. पण चष्मा आणलेला नव्हता. त्यांनी वैष्णवीला वाचायला सांगितलं. तिनं आपलं पहिलं पान वाचलं, ते संपलं तशी ती थांबली आणि म्हणाली, “आबा, पुढचं करुणाचं आहे. ते तिनंच वाचायचं.”

करुणा खांबापाशी होती. मी तिला बोलावलं नाही. मला धीर झाला नाही. ती आपणहून आली. पानापुढे उभी राहिली आणि तशीच उभी राहिली. वर्गात राहायची तशी. मला वाटलं, संपलं. मग सोनाबाईंनी पायरीवरूनच, मागे वळून न बघता, नुसतं “हं” केलं.

करुणानं वाचायला सुरुवात केली. अडखळत, बोट ठेवून. पट्टीतलं वाचलं, मग फुग्यातलं. “पाणी वाढा.” पुढची चौकट. “पाणी वाढा.” मग वैष्णवीनं नारळाचं पान वाचलं, मग पुन्हा करुणानं पुढचं. आबा काठीवर दोन्ही हात ठेवून ऐकत होते. कोऱ्या फुग्यापाशी करुणा थांबली.

आबांनी विचारलं, “ह्यात काय लिवलंय?”

“काय न्हाई. त्यो माणूस काय म्हनला त्ये आजीला आठवत न्हाई.”

“मला आठवतंय,” सोनाबाई म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांनी मान वर करून आबांकडे बघितलं. “पोरीनं लिवावं असं त्ये न्हाई, म्हनून सांगितलं न्हाई.”

आबांनी मान खाली घातली नाही, वरही केली नाही. ते त्या फुग्याकडेच बघत राहिले. पाणी ओतणारा तो माणूस आबा नसावेत, त्या काळात ते पोरसवदा होते. त्यांचे वडील असतील, चुलते असतील. मी कधी विचारलं नाही. पण तो काय म्हणाला होता ते आबांनीही ऐकलेलं होतं, असं मला त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं. मग त्यांनी दत्ताभाऊंचा हात दोरीवरून बाजूला केला.

“मोकळाच ऱ्हाऊ द्या त्यो,” ते म्हणाले. “पन काढायचं न्हाई कायबी.”

मग ते झेंड्याच्या दिशेनं चालू लागले. सोनाबाईंशी ते एक शब्द बोलले नाहीत आणि त्याही बोलल्या नाहीत. झेंडावंदन झालं, राष्ट्रगीत झालं, मुलांना जिलेबी मिळाली. दुसऱ्या दिवसापासून सातवीचा वर्ग भरला. करुणानं वाचायचं सोडलं नाही. परीक्षेपर्यंत ती माझ्या गठ्ठ्यातली सगळी पुस्तकं संपवून साध्या गोष्टींच्या पुस्तकांवर गेली होती, आणि वैष्णवी अजून चित्रंच बघते अशी तिची तक्रारही करू लागली होती.

एवढ्यावर थांबले असते तर हे सगळं गोड झालं असतं. पण पावसाळ्याच्या तोंडावर कॅम्प बंद होतो तसा तो झाला, आणि या वेळी सुभाष यांना पुढच्या हंगामाचं काही सांगितलं गेलं नाही. दत्ताभाऊंनी कारण दिलं नाही. कदाचित माणसं कमीच करायची असतील. मला मात्र ते आजही टोचतं, कारण ती पानं लावणारे हात माझे होते. सुभाष यांनी तळेगावला एका कारखान्यात काम धरलं आणि बिऱ्हाड तिकडे हलवायचं ठरवलं. निकालानंतर करुणाचा दाखला न्यायला ते शाळेत आले तेव्हा त्यांच्यासमोर उभं राहायला मला अवघड जात होतं.

पानं तोवर सातवीच्या भिंतीवर लावलेली होती. दाखल्यावर शिक्का बसेपर्यंत सुभाष वर्गाच्या दारात उभे होते, मग आत गेले. झेंडावंदनाच्या दिवशी त्यांनी जे बघितलं नव्हतं ते आता पहिल्या पानापासून वाचू लागले. ते नववीपर्यंत शिकलेले होते, पण एकेका चौकटीपाशी थांबत, शेवटच्या पानापर्यंत सावकाश गेले. मग पुन्हा मागे येऊन विहिरीच्या पानापाशी उभे राहिले. मी दारात दाखला घेऊन थांबले होते. आता ते काहीतरी बोलणार, आणि ते ऐकून घ्यायचं, असं मी मनाशी ठरवलं होतं.

त्यांनी बोटानं दगडावरच्या मुलीपासून विहिरीवरच्या माणसांपर्यंत हवेत एक रेघ ओढली.

“बाई, आय एवढी उंच कदी नव्हती,” ते म्हणाले. “बसलेली हाये, तरी पोरीनं सगळ्यांच्या वर काढलीया.”